थुंकीत रक्त, लघवी तांबडी: दर वेळी टीबीच नसतो

‘खोकल्यातून रक्त पडलं म्हणजे टीबीच, लगेच गोळ्या सुरू करा. क्रिएटिनिन वाढलं तर ती गोळ्यांची उष्णता. आणि डॉक्टरांनी स्टेरॉइड सुचवलं तर साफ नकार द्या, किडनी कायमची जाते.’ व्हॉट्सॲपवर फिरणारा हा मजकूर जिवावर बेतू शकतो.

आपल्याकडे रक्त पडलं की टीबीची शंका घ्यावी आणि बेडक्याची तपासणी करावी, हे योग्यच. पण शंका म्हणजे निदान नव्हे. जीपीए या रक्तवाहिन्यांच्या आजारात फुफ्फुसात टीबीसारख्याच पोकळ्या दिसतात. अशा रुग्णाला बेडक्यात जंतू न सापडताही टीबीच्या गोळ्यांवर ठेवलं, तर त्या काळात किडनी झिजत राहते.

क्रिएटिनिन वाढणं म्हणजे किडनीचं काम मंदावणं. टीबीची काही औषधं क्वचित किडनीला त्रास देतात, पण ‘उष्णता’ हे कारण नव्हे. फुफ्फुस आणि किडनी एकाच वेळी बिघडली तर आधी दोन्हींचं मूळ एकच आहे का ते पाहायचं. पावसाळ्यात ताप, अंगदुखी, पुराच्या पाण्यातून किंवा भातखाचरातून चालणं झालं असेल, तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जंतुसंसर्ग). नसेल तर शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटणारे आजार: ल्युपस, अँका व्हॅस्क्युलायटिस (रक्तवाहिन्यांच्या दाहाचा गट, जीपीए त्यातलाच) किंवा गुडपाश्चर. गुडपाश्चर अगदी दुर्मीळ, दहा लाखांत वर्षाला एखादा. यात शरीराच्याच अँटिबॉडी किडनीच्या गाळणीवर आणि फुफ्फुसाच्या वायुकोशांवर तुटून पडतात, कारण दोन्हीकडच्या पडद्यात एकाच जातीचं कोलॅजन असतं. सुगावा बहुतेकदा साध्या लघवी तपासणीत लागतो: लाल पेशी, प्रथिनं, कोऱ्या चहासारखा रंग. आणखी एक खूण सहज सुटते. कधी कधी फुफ्फुसाच्या आत रक्तस्राव चालू असूनही खोकल्यात रक्त दिसत नाही. फक्त धाप लागते आणि हिमोग्लोबिन झपाट्याने उतरतं.

आता स्टेरॉइड. या मजकुरातला सगळ्यात घातक सल्ला हाच. गुडपाश्चरमध्ये स्टेरॉइड, सायक्लोफॉस्फामाइड (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) आणि प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलणं हेच किडनी वाचवतं, तेही वेळेत झालं तर. लंडनच्या 71 रुग्णांच्या अभ्यासात (2001) क्रिएटिनिन 5.7च्या खाली असताना उपचार मिळालेल्यांपैकी 95 टक्क्यांची किडनी वर्षभरानंतर चालू होती. सुरुवातीलाच डायलिसिस लागलेल्यांत हे प्रमाण होतं जेमतेम 8 टक्के. स्टेरॉइडने साखर वाढते, जंतुसंसर्ग होतो, ही भीती खोटी नाही. म्हणूनच डोसवर संशोधन झालं आणि अँका व्हॅस्क्युलायटिसमध्ये कमी डोसही तितकाच उपयोगी पडतो, असं 2020च्या मोठ्या चाचणीत दिसलं.