पाच वर्षांखालच्या मुलांना रंगवायचं पुस्तक देऊ नका

छापील हत्ती, छापील सफरचंद, आत रंग भरायचा आणि रेषेबाहेर जायचं नाही. दोन-तीन वर्षांच्या मुलांना चित्रकला म्हणून सर्रास हेच दिलं जातं. मला हे पटत नाही. या वयात कोरा कागद हवा, तोही मोठा.

कारण हातातच आहे. जन्माच्या वेळी मनगटातली आठही हाडं कूर्चेची, म्हणजे मऊ आणि लवचिक असतात. पहिल्या काही महिन्यांत त्यातली दोन टणक व्हायला लागतात, बाकीची वर्षानुवर्षं घेतात आणि शेवटचं, वाटाण्याएवढं हाड नवव्या ते बाराव्या वर्षाच्या सुमारास तयार होतं. दोन वर्षांचं मूल खांद्यातून रेघ ओढतं. मग कोपर, मग मनगट, बोटं सगळ्यात शेवटी. खडू मुठीत धरतं ते त्याला तेवढंच जमतं म्हणून. रेषेपाशी थांबायला बोटांवर जो ताबा लागतो, तो साधारण चार ते सहा या वयात येतो. त्याआधी थांबायला लावलं तर मूल एकच गोष्ट शिकतं: मला चित्र येत नाही.

आपल्याला ज्या नुसत्या रेघोट्या वाटतात त्यांना क्रम असतो. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले, त्यात पहिला टप्पा रेघोट्यांचाच आहे, साधारण २ ते ४ वर्षांचा. आधी आडवेतिडवे फराटे, मग गोल गोल भेंडोळी, आणि तिसऱ्या वर्षाच्या आसपास एक दिवस बंद गोल. ही फार मोठी घटना असते. रेघ जिथून निघाली तिथे परत आणायची म्हणजे डोळा, हात आणि मनातला बेत तिन्ही एकत्र यावे लागतात. त्यानंतर त्या गोलात दोन ठिपके येतात, खाली दोन रेघा येतात आणि डोक्यालाच पाय फुटलेला माणूस तयार होतो. त्याला "पोट कुठंय याचं?" असं विचारू नका. पोट आपलं आपण येतं. आणि कृपा करून दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी आणि झोपडी हे चित्र शिकवू नका. ते एकदा हातात बसलं की मूल पुढची कित्येक वर्षं तेच काढत राहतं, स्वतःचं शोधणं थांबतं.

आता सामान. ए-फोर कागद लहान पडतो, खांद्यातून निघालेली रेघ त्यात मावत नाही. जुन्या कॅलेंडरचे पाठकोरे कागद, नाहीतर तपकिरी कागदाचा रोल घ्या. चारही कोपरे टेपने जमिनीवर चिकटवा, कारण दुसऱ्या हाताने कागद दाबून धरणं अजून जमत नाही. अधूनमधून कागद भिंतीवर, मुलाच्या छातीच्या उंचीला लावा. उभ्या कागदावर मनगट आपोआप मागे वळतं, पुढे पेन्सिल धरायला तीच ठेवण लागते. तीन वर्षांपर्यंत जाड मेणखडू द्या. खडूचे छोटे तुकडे चिमटीसाठी चांगले, पण ते तीननंतरच, त्याआधी घशात अडकण्याची भीती असते.

पोस्टर कलर दाट ताकाइतका ठेवा. पाणी जास्त झालं की ओघळ येतात आणि कागद फाटतो. दोन वाट्या, प्रत्येकीत दोन चमचे रंग, प्रत्येक वाटीला वेगळा ब्रश, चपटा आणि ८ ते १२ नंबरचा. एका वेळी दोनच रंग: आज पिवळा-निळा, पुढच्या वेळी पिवळा-लाल. तिन्ही एकदम दिले की पाच मिनिटांत सगळा कागद मातकट होतो आणि मूल हिरमुसतं. कोरड्या वड्यांचे जलरंग पाच-सहा वर्षांपर्यंत नकोत. वडी ओली करून हलक्या हाताने घासावी लागते, मुलं जोर लावतात, ब्रशचे केस फिसकटतात आणि कागदावर रंग उतरतच नाही.

बोटांनी रंगवायचा रंग घरी होतो. ४ मोठे चमचे कॉर्नफ्लोअर पाव कप थंड पाण्यात कालवा. थेट गरम पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात. ते दीड कप उकळत्या पाण्यात ओतून घट्ट होईपर्यंत ढवळा, पूर्ण गार करा आणि खायचा रंग किंवा बिटाचा रस मिसळा. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतो. हळदही चालते, फक्त तिच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. कपडा उन्हात टाकला की फिका पडतो. होळीचे रंग आणि रांगोळी नको, कारण त्यात काय मिसळलंय ते कळत नाही. चुना तर अजिबात नको, डोळ्यात गेला तर इजा होते.

मातीसाठी शाडूसारखं दुसरं काही नाही. एक किलो भिजवून मळा, ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. वाळली तर फोडून रात्रभर भिजवली की पुन्हा वापरता येते. जमिनीवर सांडलेली माती झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, कारण तिची बारीक धूळ फुफ्फुसाला वाईट. हात बादलीत धुवा आणि गाळ खाली बसू द्या, बेसिनमध्ये ओतला तर पाइप तुंबतो. दोन वर्षांखाली साधी कणीक द्या, मिठाशिवाय, आणि त्याच दिवशी टाकून द्या. टिकावी म्हणून मैद्याच्या निम्मं मीठ घालायची पद्धत आहे, पण लहान मुलाने तो गोळा खाल्ला तर तेवढं मीठ धोक्याचं ठरतं.

महागडे किट लागत नाहीत. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला नेलं, तेव्हा आदिवासी मुलांसाठी बिया, पानं, शिंपले, खडे हेच शैक्षणिक साहित्य होतं.

मोठ्यांसाठी सगळ्यात अवघड असतं गप्प बसणं. "हे काय काढलंस?" या प्रश्नाला दोन वर्षांच्या मुलाकडे उत्तर नसतं. ते तुमच्यासाठी "गाडी" म्हणतं, आणि मग आपण गाडीला चाकं मागतो. त्यापेक्षा दिसतं ते बोला: "ही रेघ पार तिकडे गेली." हात धरून गिरवून घेऊ नका. मूल तीन मिनिटांत उठलं तर उठू द्या, तयारीला अर्धा तास लागला असला तरी. कागदाच्या मागे तारीख आणि वय लिहा. समोरच्या बाजूला काही लिहू नका, ती त्याची आहे.

गणपतीत बालगटाची चित्रकला स्पर्धा घेणाऱ्या मंडळांना एक विनंती. पाच वर्षांखालच्या मुलांना स्पर्धेतून काढा. त्याऐवजी मांडवाच्या एका बाजूला दहा मीटर कागद जमिनीपासून हातभर उंचीवर ताणून लावा, मागे प्लायवुडचा आधार द्या, खाली ताटांत जाड खडू ठेवा. एक कार्यकर्ता फक्त कागद फाटला तर चिकटवायला बसवा. नंबर नको, बक्षीस नको, आणि आईबाबांच्या हातात खडू नको.