दार लावून अर्धा तास

गेल्या रविवारी इंदूरला घरी व्हिडिओ कॉल लावला, तर दादा आणि आई दोघंही वहिनीवर तापलेले. माझ्याच सांगण्यावरून तिनं पुण्यातल्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंशी ऑनलाइन बोलायला सुरुवात केली आहे. दादा म्हणाला, "खाण्यावर ताबा नाही, याला डॉक्टर कशाला? आणि तोही फोनवर?" आईच्या मते दोन एकादश्या नीट धरल्या की सगळं जागेवर येईल.

वहिनीला जे होतं, ते मला इथे ब्रिटनमधल्या लीड्समध्ये सात वर्षं होत होतं. सगळे झोपल्यावर, दिवा न लावता, ओट्यापाशी उभं राहून शेवेचा डबा उघडायचा. चव कळत नाही. पोट दुखायला लागतं तरी हात थांबत नाही. झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून ते ओढणीत धरून लावायचं. सकाळी स्वतःची लाज वाटते, त्या लाजेपायी दिवसभर उपाशी राहायचं, आणि रात्री पुन्हा तोच डबा. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ मध्ये बिंज ईटिंग डिसऑर्डर हा स्वतंत्र आजार मानला. आठवड्यातून किमान एकदा, सलग तीन महिने असं ताबा सुटून खाणं होत असेल, तर हा आजार धरतात. इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या त्या खाऊबाजारात, बारा वाजता चार मित्रांबरोबर तळलेला गराडू कंद खाणं वेगळं. तिथे कुणी लपून खात नाही.

आईचा उपाय ऐकून मी घाबरले. मला उपचारात पहिल्यांदा शिकवलं ते वेळेवर खायला. तीन जेवणं, मध्ये दोन-तीनदा थोडं काही, आणि तीन-चार तासांहून जास्त वेळ पोट रिकामं ठेवायचं नाही. रात्रीच्या त्या डब्याची सुरुवात दिवसाच्या उपासातच होते. आई, तू एकादशी जरूर धर, वहिनीला सध्या सांगू नकोस.

आता फोनचं. ब्रिटनच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत या आजारावर पहिला उपचार आहे तो एक पुस्तक घेऊन स्वतः करायचा. सोबतीला १६ आठवड्यांत साधारण २० मिनिटांच्या चार ते नऊ भेटी. यात नाडी बघायची नसते. लागते ती वही: काय खाल्लं, किती वाजता, तेव्हा मनात काय चाललं होतं. माझ्या बाईंनी एकदा मला फोन हातात घेऊन फडताळापाशी उभं राहायला सांगितलं. दवाखान्याच्या खुर्चीत बसून ते झालं नसतं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील किंवा तब्येत बिघडत असेल, तर मात्र समोरच जायला हवं. आणि दादा, "किती किलो उतरली?" हे विचारू नकोस. वजन उतरवणं हे या उपचाराचं उद्दिष्टच नाही.

इथलं सगळं चांगलं असंही नाही. माझा नंबर लागायला पाच महिने गेले. त्या बाई मनापासून ऐकायच्या, पण आग्रह म्हणजे काय ते त्यांना कधी कळलं नाही. "नको म्हणायचं," असं त्या म्हणायच्या. पंगतीत जिलबी घेऊन समोर उभ्या राहिलेल्या मावशीला नको म्हणून बघा! पुण्याच्या बाईंना हे समजावावं लागत नाही. शिवाय इंदूरमध्ये अजूनही मनाच्या डॉक्टरचं नाव निघालं की कुणीतरी "बाणगंगेला नेताय का?" म्हणतंच; तिथलं मनोरुग्णालय बाणगंगेला आहे. २०२० च्या मार्चमध्ये आपल्याकडे टेलिमेडिसिनचे नियम आले, त्यामुळे डॉक्टरांशी असं दुरून बोलणं रीतसर झालं. वहिनीसारखीला त्याचा फार आधार आहे.

अडलंय ते दारापाशी. मागच्या गुरुवारी ती गच्चीवर पापडांच्या बाजूला बसून कुजबुजत बोलत होती. आई पापड उलटायला वर आली, आणि वहिनीनं "बँकेचा फोन" म्हणून तो ठेवला. दहा मिनिटांत सगळं संपलं.

दादाकडे मी एवढंच मागितलं: गुरुवारी चार ते साडेचार आतली खोली तिची, आणि बाहेर आल्यावर काय बोलणं झालं ते विचारायचं नाही. तो काही बोलला नाही. पण त्या खोलीची कडी दोन वर्षं लागत नव्हती. बुधवारी सुतार येऊन गेला, असं वहिनीनं कळवलं.