गिरमिट म्हणजे फुकटची परदेशवारी नव्हती

आत्याने घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज भाचीने जसाच्या तसा शाळेच्या प्रकल्पवहीत उतरवला, तेव्हा मात्र गप्प बसवेना. मेसेजचं म्हणणं असं: 19व्या शतकात गिरमिटावर, म्हणजे मळ्यावरच्या मजुरीचा करार करून, मॉरिशस-त्रिनिदादला गेलेले भारतीय मजूर खुशीने गेले, प्रवास फुकट, बोटीवर डॉक्टर, पगार ठरलेला आणि वाटेल तेव्हा परत यायची मुभा.

आधी ती बोटच घेऊ. 'साल्सेट' जहाज मार्च 1858 मध्ये कलकत्त्याहून त्रिनिदादला निघालं. कप्तान एडवर्ड स्विंटन रोजनिशी ठेवत होते, त्यांची पत्नी जेनही सोबत होती. चढलेले मजूर 324. जुलैत त्रिनिदाद लागेपर्यंत त्यातले सुमारे 120 वाटेतच मेले. तिघांत एकाहून जास्त! रोजनिशीत मरणं तारीखवार लिहिलेली आहेत. बायका आहेत, तान्ही मुलं आहेत, हगवण तर पुन्हा पुन्हा येते. हे कुणा विरोधकाने रचलेलं नाही, खुद्द जहाज चालवणाऱ्याने लिहून ठेवलंय. डॉक्टर याही जहाजावर होता. त्याच्या असण्याने ही माणसं वाचली नाहीत. सगळ्याच जहाजांवर इतके मेले नाहीत, पुढे प्रमाण उतरलंही. तेवढं मान्य.

पगाराचं म्हणाल, तर मॉरिशसमध्ये एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. 'वाटेल तेव्हा परत' हे तर धडधडीत खोटं. करार साधारण पाच वर्षांचा असे आणि मळा सोडून जाणं हा गुन्हा होता, त्याला तुरुंग होता.

राहिलं 'खुशीने'. दुष्काळाला, कर्जाला, घरच्या छळाला कंटाळून आपणहून अंगठा देणारे होते, हे मी नाकारत नाही. काहींनी तिकडे जमिनीही घेतल्या. पण ज्या कागदावर अंगठा दिला तो वाचता किती जणांना येत होता? अरकाटी, म्हणजे मजूर गोळा करणारा दलाल, सांगेल तेच खरं मानायचं.

आपल्या कोकणातूनही माणसं मॉरिशसला गेली. आणि त्याच रत्नागिरीच्या मातीतल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1912 मध्ये केंद्रीय कायदेमंडळात ही पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारने तो पाडला. भरती थांबायला 1917 उजाडलं. सगळं आलबेल होतं, तर गोखले कशासाठी भांडत होते?

भाचीच्या वहीतलं ते पान आम्ही काल काढलं. नव्या पानावर तिने 'साल्सेट'चे दोन्ही आकडे लिहिलेत. आत्या, ग्रुपवरचा तो मेसेजही आता काढून टाक.