'आधी ळ, मग जर्मन': एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

'आधी घरात ळ नीट म्हणायला शिकवा, मग जर्मनचं बघा.' तुमचं हे वाक्य मी लेकाला वाचून दाखवलं, कारण ते त्याच्याबद्दलच होतं. गेल्या महिन्यात मी लिहिलं होतं की आठवीतली मुलगी शाळेत जर्मन शिकते, घरात तिला विचारायला कुणी नाही, म्हणून एक्केचाळिसाव्या वर्षी मीही नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या रविवारच्या जर्मन वर्गात नाव घातलं; आणि चौथीतला मुलगा आपण होऊन आमच्या टेबलाशी येऊन बसू लागला. त्यावर तुमचे चार आक्षेप आहेत. चाळिशीत नवी भाषा येत नाही. आईचे चुकीचे उच्चार मुलांच्या तोंडी कायमचे बसतील. परक्या भाषेच्या नादात घरातली मराठी जाईल. आणि परीक्षेत नापास झाल्याचं मी मुलांना सांगायला नको होतं, त्याने आईबापांचा मान राहत नाही. तुम्ही पंचवटीत तीस वर्षं मराठी शिकवलीत, असंही लिहिलंय. त्यामुळे दोन ओळींत उत्तर देणं मला बरं वाटेना.

ळपासूनच सुरुवात करते. खरं आहे, मुलगा 'शाला' म्हणायचा, 'काला' म्हणायचा. इंग्रजी माध्यमातली त्याच्या वर्गातली बरीच मुलं तसंच बोलतात. दोन वर्षं मी त्याला टोकत होते. टोकणं म्हणजे काय, तर तोच शब्द आणखी मोठ्याने म्हणायचा: शाळा, शाळा, शाळा! त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. मग आमच्या जर्मनच्या वर्गात एक स्वर आला, जो मराठीत नाही. बाईंनी सांगितलं, 'ई म्हणा, जीभ तिथेच ठेवा आणि ओठ तेवढे ऊसारखे गोल करा.' त्या संध्याकाळी घरी आम्ही तिघांनी आरशासमोर उभं राहून ते केलं. मुलाला आमच्या दोघींच्या आधी जमलं. आवाज तोंडात कुठेतरी तयार होतो, जीभ आणि ओठ हलवून तो बदलता येतो, हे त्याला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, आता जीभ मागे वळवून शेंडा टाळूला टेकव आणि ल म्हणत सोड. तिसऱ्या दिवशी 'बाळ' आलं, आठवड्यात 'कावळा'. सर, ळ म्हणताना माझी जीभ काय करते हे चाळीस वर्षांत मी कधी पाहिलं नव्हतं. आपोआप येणारी गोष्ट दुसऱ्याला शिकवता येत नव्हती. परकी भाषा शिकताना ती पाहायची सवय लागली.

आता वयाचं. तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धं. २०१८ मध्ये सुमारे पावणेसात लाख लोकांच्या इंग्रजी व्याकरणाची चाचणी घेऊन केलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. व्याकरण आत्मसात करायची क्षमता सतराव्या वर्षाच्या आसपासपर्यंत टिकते, नंतर उतरते, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे मी कितीही घासलं तरी जन्माने जर्मन असलेल्या बाईसारखी बोलणार नाही. मान्य. पण त्याच्या चाळीस वर्षं आधी, १९७८ मध्ये, कॅथरीन स्नो आणि मारियान हुफनागेल-हुले यांनी नेदरलंड्समध्ये राहायला गेलेल्या इंग्रजी भाषकांचा वर्षभर अभ्यास केला. डच शिकताना पहिल्या काही महिन्यांत बारा ते पंधरा वर्षांची मुलं आणि मोठी माणसं सर्वांत वेगाने पुढे गेली. वर्ष संपेपर्यंत आठ ते दहा वर्षांच्या मुलांनी मोठ्यांना गाठून मागे टाकलं. सगळ्यांत मागे कोण राहिलं? तीन ते पाच वर्षांची चिमुरडी, ज्यांच्याबद्दल आपण म्हणतो की ती भाषा टिपकागदासारखी शोषून घेतात. आमच्या घरातही हेच दिसतंय. सुरुवातीचे चार महिने मी दोघांच्या पुढे होते. आता मुलगी पुढे गेली आहे, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

आणि तुम्ही मराठीचे शिक्षक, म्हणून फादर स्टीफन्सची आठवण करून देते. १५७९ मध्ये तिशीच्या उंबरठ्यावर असलेला हा इंग्रज गोव्यात उतरला आणि १६१६ मध्ये त्याचं ख्रिस्तपुराण छापून झालं, मराठी ओव्यांत, हजारो ओव्यांचं. लहानपणी त्याच्या कानावर मराठीचा एक शब्द पडला नसणार.

मोठ्या माणसाजवळ असं काय असतं, याचा मी खूप विचार केला. माझं उत्तर असं: माझ्याजवळ आधीची एक पक्की भाषा आहे, मुलांजवळ कान आहे. मुलगी पहिल्या तिमाहीत सारखी एकच चूक करायची. 'मी घरी थांबते, कारण मी दमले आहे' या वाक्यात जर्मनमध्ये 'कारण' आलं की पुढचं क्रियापद थेट वाक्याच्या शेवटी जातं: 'वाइल इश म्यूडे बिन'. शब्दाला शब्द लावला तर 'कारण मी दमलेली आहे'. ती मात्र 'आहे' मध्येच घालायची, कारण ती इंग्रजीवरून वाक्य बांधत होती. शाळेत जर्मन इंग्रजीतून शिकवतात, पुस्तकही इंग्रजीतच. मी म्हटलं, इंग्रजी बाजूला ठेव आणि हे वाक्य आजीला सांगितल्यासारखं म्हण. तिने मराठीत म्हटलं आणि क्रियापद आपोआप शेवटी गेलं. त्यानंतर ती चूक फारशी झाली नाही.

असे पूल घरात पडूनच होते. जर्मनमधला झेड म्हणजे ट आणि स एकत्र, असं वर्गात सांगितलं की तरुण मुलं थुंकी उडेस्तोवर सराव करतात. पण तो तर आपला चूल, चाक, चमचा यांतला च. चिमणीतला नाही, चुलीतला. मुलाला एवढंच सांगितलं आणि साखरेला 'त्सुकर' तो पहिल्या फटक्यात बरोबर म्हणाला. 'चिमणीतला च आणि चुलीतला च वेगळा आहे?' हा प्रश्न त्याने आयुष्यात पहिल्यांदा विचारला, तोही जर्मनमुळे.

लिंगांचं तर विचारूच नका. डेर, डी, डास या लिंग दाखवणाऱ्या तीन शब्दांनी इंग्रजीतून शिकणारी मुलं रडकुंडीला येतात. आपल्याकडे तो, ती, ते आहेतच. कोणत्या वस्तूला कोणतं, ते अर्थात जुळत नाही. चमचा दोन्हीकडे 'तो', पण जर्मनमध्ये सूर्य बाई आहे आणि चंद्र पुरुष. मुलीचा सगळ्यात मोठा आक्षेप 'मेडशन' या शब्दाला होता. त्याचा अर्थ मुलगी, आणि लिंग नपुंसक! तिला तो अपमान वाटला. बाईंनी सांगितलं, शेवटी 'शन' हा लहानपण दाखवणारा प्रत्यय लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो, मग तो कशाचाही असो. मी घरी येऊन तिला विचारलं, 'लेकरू' कोण? तो, ती की ते? ती थांबली. मग आम्ही तिघं मोजत बसलो: ते लेकरू, ते वासरू, ते कोकरू, ते पाखरू. निफाडकडच्या माझ्या सासूबाई भाजी निवडत होत्या, त्यांनी तिथूनच 'शिंगरू, मेंढरू' टाकले. रू लागला की लहान, आणि लहान झालं की 'ते'. हा नियम मला कुणी शिकवला नव्हता आणि मी कुणाला शिकवलाही नव्हता. मराठी जाईल असं तुम्ही म्हणता. आमच्या टेबलावर त्या रात्री दीड तास मराठीच चालली होती.

आकड्यांची गोष्टही इथेच सांगते. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' अशी वाचनपद्धत आणली तेव्हा केवढं वादळ उठलं, ते तुम्ही जवळून पाहिलं असेल. माझा मुलगा मराठी आकडे ऐकले की गोंधळायचा. दुकानदाराने 'सत्तेचाळीस' म्हटलं की माझ्या तोंडाकडे बघायचा. जर्मनमध्ये सत्तेचाळीस म्हणजे 'सात आणि चाळीस', एकक आधी, दशक नंतर. ते पाठ करताना तो एकदम ओरडला, 'आई, सत्ते म्हणजे सात!' मग बासष्ट, पंचवीस, अठ्ठावन्न, सगळे त्याने स्वतः फोडून पाहिले. एकोणपन्नासला जर्मन 'नऊ आणि चाळीस' म्हणतात आणि आपण 'पन्नासला एक कमी' म्हणतो, हा फरकही त्याचाच शोध. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हे चालतं आणि नव्व्याण्णवला मोडतं, हे त्याने वहीत लाल पेनाने लिहून ठेवलंय.

उच्चारांच्या बाबतीत तुमचं ऐकलं आहे. माझ्या तोंडून चुकीचं ऐकून मुलं चुकीचं शिकतील, ही भीती रास्त आहे. पूर्वी मी धडा मोठ्याने वाचायचे आणि मुलं मागून म्हणायची. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर ते बंद केलं. आता आधी डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे फुकट मिळणारे धडे ऐकतो, मग तिघंही म्हणतो, आणि कुणाचं जवळ गेलं ते मुलगा सांगतो. पण नुसता मोबाइल पुढे ठेवूनही भागत नाही. २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल यांनी अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला होता. काही बाळांशी माणसं समोर बसून बारा वेळा चिनी भाषेत खेळली, बोलली. काहींना तेच टीव्हीवर दाखवलं. समोरच्या माणसाकडून ऐकणाऱ्या बाळांना चिनी ध्वनी वेगळे ओळखता आले, टीव्हीवाल्यांना नाही. माझा मुलगा नऊ महिन्यांचा नाही, नऊ वर्षांचा आहे, हे मला कळतं. तरी दोन महिने जर्मन कार्टून पाहूनही त्याला काही आलं नव्हतं, आणि जेवताना 'मीठ दे', 'पाणी दे' जर्मनमध्ये सुरू झालं तेव्हा यायला लागलं, एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय.

उपयोगाचं विचारलंत, तर थोडक्यात सांगते. मी अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये हिशेब बघते. आमच्याकडच्या दोन यंत्रांची पुस्तकं जर्मनमध्ये आहेत. माझ्यासाठी एवढं कारण पुरेसं होतं. मुलांनी परदेशी जावं म्हणून हे चाललेलं नाही. 'नाशिकच्या मातीत हे परकं कशाला' असंही तुम्ही विचारलंत. पांडवलेणीतलं सतरा क्रमांकाचं लेणं उत्तरेकडच्या दत्तामित्रीच्या एका यवनाने, म्हणजे ग्रीक माणसाने, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त याने, कोरवून घेतलं. तसं तिथल्या लेखातच आहे, आणि तो लेख ग्रीकमध्ये नाही, प्राकृतात आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरावर परका माणूस इथल्या भाषेत आपलं नाव कोरत होता. दोन्ही मुलांना घेऊन मी तिथे गेले होते आणि हे सांगताना माझा आवाज भरून आला होता.

राहिला चौथा आक्षेप, नापास झाल्याचं मुलांना सांगितल्याचा. तो मला सगळ्यात जास्त लागला, म्हणून शेवटी ठेवला. मी दिलेली ए-वन ही जर्मनच्या परीक्षांची अगदी पहिली पायरी. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं मिळून शंभर गुण, पास व्हायला साठ. मला चोपन्न मिळाले. ऐकण्याच्या भागात गाडीची घोषणा, फोनवरचा निरोप असं काही लावतात. माझ्या कानावरून ते सरळ वाहून गेलं. निकाल आला तेव्हा मुलगी समोर बसली होती. लपवावं असं माझ्याही मनात क्षणभर आलं, हे कबूल करते. पण मागच्या वर्षी गणितात कमी गुण मिळाले म्हणून तिने उत्तरपत्रिका तीन आठवडे दप्तरात लपवली होती, आणि ती सापडली तेव्हा ती जशी रडली, ते मी विसरलेले नाही. माझ्याच घरात माझं पोर मला घाबरत होतं. मी निकाल तिच्यापुढे ठेवला.

ती काही बोलली नाही. आत गेली, स्वतःचे हेडफोन घेऊन आली आणि म्हणाली, 'आई, तू सगळे शब्द पकडायला बघतेस. आधी फक्त आकडे आणि वेळ पकड.' दुसऱ्या दिवसापासून रोज रात्री पंधरा मिनिटं ती मला ऐकवते, थांबवते, विचारते. तिला कंटाळा येतो, तरी ती बसते. पुढच्या घटक चाचणीत तिला पुन्हा गणितात कमी गुण मिळाले. यावेळी उत्तरपत्रिका त्याच संध्याकाळी माझ्या पोळपाटाशेजारी होती. सर, मान गेला असं तुम्ही म्हणता. मला तर त्या संध्याकाळी वाटलं की आपल्याला आत्ता कुठे तो मिळाला.

परीक्षा मी पुन्हा देणार आहे. निकाल काहीही लागला तरी इथे लिहीन.

आणि एक काम आहे, ते तुमच्याच अखत्यारीतलं. रूने संपणाऱ्या, लहानपण दाखवणाऱ्या नपुंसकलिंगी शब्दांची यादी मुलाने फ्रिजवर चिकटवली आहे. लेकरू, वासरू, कोकरू, पाखरू, शिंगरू, मेंढरू असे सहा झाले. तो म्हणतो, फुलपाखरू सातवं. बहीण म्हणते, ते पाखरूच, दोनदा कसं धरायचं? तीन दिवस भांडण चाललंय. निकाल तुम्ही द्या, आणि आणखी एखादा शब्द आठवला तर तोही लिहा. यादीत खाली जागा सोडली आहे.