राजवाड्यावरचा लाल ठिपका

इंदूरच्या मराठी घरात फोटोवर रंगीत ठिपका उमटला, की त्याचे निदान करण्याचा पहिला मान वडीलधाऱ्यांचा असतो. कॅमेऱ्याच्या मालकाला कोणी विचारलेच, तर सर्वांत शेवटी. मे महिन्यातल्या एका रात्री ट्रायपॉड लावून, शटर तीस सेकंद उघडे ठेवून घेतलेले राजवाड्याचे फोटो मी संगणकावर मोठे करून पाहत होतो. तेव्हा वरच्या लाकडी मजल्यावर एक लाल, खिडकीत एक हिरवा आणि आकाशात एक निळा ठिपका दिसला. आत्याने चष्मा पुसून सांगितले, "होळकरांच्या वाड्यात रात्री कोणीतरी दिवा घेऊन फिरतंय." वीज खात्यातून निवृत्त झालेल्या काकांना हा कमी-जास्त व्होल्टेजचा प्रताप वाटला, आणि बॅटरी चार्ज करण्यासाठी त्यांनी आपला जुना स्टॅबिलायझर लगेच माझ्या टेबलावर आणून ठेवला. भाच्याने "मामा, सेंसर गया समझो" एवढेच सांगून विषय संपवला. दुकानदाराने लेन्स पुसली, सेन्सरवरची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या चिपवरची, धूळ उडवली आणि पैसे घेतले. वास्तविक सेन्सरवरच्या धुळीचे डाग धूसर, करडे असतात आणि लेन्सचे छिद्र एफ/१६ इतके लहान केले की आकाशात उठून दिसतात. ते लाल-हिरव्या रंगात नटून येत नाहीत.

माझा तर्क साधा होता. कॅमेरा हलवला तरी ठिपका चौकटीत त्याच जागी राहत असेल, तर दोष सेन्सरचा. कॅमेरा हलवल्यावर तो चौकटीत जागा बदलत असेल, तर करामत प्रकाशाची. हे तपासण्यासाठी लेन्सला टोपण लावून अंधाराचे फोटो घ्यावे लागतात आणि संसारी माणसाने हे काम घरात करू नये. "अहो, टोपण काढायचं राहिलंय," हे वाक्य पत्नीने प्रथम काळजीने, नंतर दयेने आणि शेवटी पाहुण्यांसमोर उच्चारले. काळ्याकुट्ट फोटोंनी कार्ड भरत असलेल्या माणसाला बँकेचे पासबुक सोपवावे की नाही, याचीही चर्चा स्वयंपाकघरात झाल्याचे मला कळले.

त्या काळोखात मात्र तेच ठिपके त्याच जागी लुकलुकत होते. दुपारी तापलेल्या माळ्यावर त्यांची गर्दी होई आणि पहाटेच्या गारव्यात ती विरळ होई, कारण प्रकाश नसतानाही पिक्सेलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या प्रकाश टिपणाऱ्या बारीक कप्प्यांमध्ये, साठणारा विद्युतभार उष्णतेने वाढतो. त्यांच्या रंगाचे कारण कोडॅकचे ब्राइस बायर यांच्या रचनेत आहे. १९७६ साली पेटंट मिळालेल्या या रचनेत प्रत्येक पिक्सेलवर एकाच रंगाची गाळणी असते. निम्म्या हिरव्या, पाव लाल आणि पाव निळ्या. तापलेला पिक्सेल ज्या गाळणीखाली बसलेला असेल, तो रंग घेऊन तो चमकतो, आणि उरलेले रंग शेजाऱ्यांकडून उसने घेण्याच्या पद्धतीमुळे एका पिक्सेलचे दुखणे आजूबाजूला पसरते. आमच्या वाड्यातही बातम्या अशाच पसरत.

आकाशातली हिरव्या दिव्यांची उलटी रांग, जिला आत्या विमान म्हणत होती, ती मात्र वेगळ्या जातीची निघाली. रस्त्यावरच्या दिव्यांचा प्रकाश लेन्सवर चढवलेल्या स्वस्त फिल्टरवरून परावर्तित होऊन चौकटीच्या मध्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला उमटत होता. फिल्टर काढताच विमान उतरले.

तापट पिक्सेलांवर उपाय कॅमेऱ्यातच होता. लांब एक्स्पोजरनंतर तो शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाचा एक काळा फोटो स्वतः घेतो आणि त्यातले ठिपके मूळ फोटोतून वजा करतो. म्हणजे तीस सेकंदांच्या फोटोनंतर आणखी तीस सेकंद कॅमेरा कोणाचेही ऐकत नाही. राजवाड्यासमोर, सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीकडे निघालेल्या भुकेल्या नातेवाइकांना हे समजावताना "हो गया क्या, भिया?" असे एका अनोळखी गृहस्थानेही विचारले. शेवटी मेनूतला पिक्सेल मॅपिंगचा पर्याय सापडला. त्याने सेन्सर तपासून हट्टी पिक्सेलांची नोंद केली, आणि तेव्हापासून त्यांच्या जागा शेजाऱ्यांच्या मूल्यांवरून भरल्या जातात. लाल ठिपका गेला.

काकांनी स्वच्छ फोटो शांतपणे पाहिला आणि स्टॅबिलायझरवरून प्रेमाने हात फिरवला. शेजारच्या वहिनींच्या मोबाइलमधले फोटो हल्ली पिवळट येतात, म्हणून काल तो त्यांच्याकडे रवाना झाला आहे.