चहातल्या चमच्याचं भांडण

गेली तीन वर्षं आमच्या घरातली सकाळ एका भांडणाने सुरू व्हायची. बाबा चहात एक चमचा साखर घालायचे आणि मी त्यांच्याकडे बघायचे. बोलायचे नाही, नुसती बघायचे. बोलण्यापेक्षा ते बघणंच त्यांना जास्त लागायचं, हे मला आता कळतंय. त्यांची शुगर काठावर आहे. गोळ्या सुरू नाहीत, पण डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, "साखर प्रमाणात ठेवा." बाबांच्या मते एक चमचा म्हणजे प्रमाणातच. माझ्या मते साखर हे विष, आणि विषाचं कसलं आलंय प्रमाण!

मागच्या महिन्यात एका रविवारी मी चिडून स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. म्हटलं, दिवसभरात किती साखर पोटात जाते ते आज यांना डोळ्यांनी दाखवतेच. भाची सुट्टीला आली होती, ती वही-पेन्सिल घेऊन हिशेब लिहायला बसली. साखरेचा सपाट चमचा भरला, 4 ग्रॅम. दिवसातून दोन चहा, 8 ग्रॅम. मग बाबा रोज जे जे खातात ते सगळं टेबलावर मांडलं आणि पाकिटांमागची बारीक अक्षरं वाचायला सुरुवात केली. सकाळचा ग्लासभर फळांचा रस, ज्याच्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत "साखर घातलेली नाही" असं लिहिलंय: 24 ग्रॅम. चार बिस्किटं: 10 ग्रॅम. वाटीभर "आरोग्यदायी" सिरीयल: 9 ग्रॅम. फळांच्या स्वादाच्या दह्याचा छोटा डबा: 13, त्यातली दुधाची स्वतःची पाचेक ग्रॅम सोडून दिली तरी 8. भाचीने बेरीज केली. 59 ग्रॅम. जवळजवळ पंधरा चमचे. ते पंधरा चमचे आम्ही एका बशीत मोजून ओतले. बशीत चांगला ढीग झाला.

आणि त्या ढिगात चहाचे चमचे फक्त दोन.

बाबा काही बोलले नाहीत. मीही नाही. तीन वर्षं मी ज्या साखरेवरून त्यांना बोल लावले, ती सगळ्यांत लहान वाट्यांपैकी एक निघाली. रसाची बाटली तर मीच आणून देत होते, चहाऐवजी हे प्या म्हणून.

त्या दिवसापासून या विषयावर मिळेल ते वाचतेय आणि माझं मत बरंच बदललंय. साखर विष आहे असं मी आता म्हणणार नाही. पण "सगळं प्रमाणात चालतं" हे वाक्य आपण ज्या सहजतेने वापरतो, तेही मला पटत नाही. प्रमाण म्हणजे किती? कुठल्या साखरेचं? आणि मोजतंय कोण?

किती, याचं उत्तर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितलं, की दिवसभरातल्या एकूण उष्मांकांपैकी 10 टक्क्यांपेक्षा कमी उष्मांक मुक्त साखरेतून यावेत. 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी याचा अर्थ 50 ग्रॅमच्या आत, म्हणजे बारा चमचे. जमलं तर 5 टक्क्यांपर्यंत खाली या, म्हणजे सहा चमचे, असंही त्यांनी सुचवलंय. यातला "मुक्त" हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. आपण घातलेली, कारखान्यात घातलेली, मधातली, पाकातली आणि फळांच्या रसातली साखर यात धरतात. अख्ख्या फळातली आणि दुधातली धरत नाहीत. म्हणजे बाटलीवरचं "साखर घातलेली नाही" हे वाक्य खरंच होतं. वरून कोणी काही घातलं नव्हतं. पण फळाचा चोथा टाकून देऊन त्याची साखर तेवढी मोकळी करून ग्लासात दिली होती. संत्रं खाताना आपण चावतो, तंतूंमुळे साखर रक्तात हळूहळू उतरते आणि दोन संत्र्यांत पोट "बास" म्हणतं. तीन-चार संत्र्यांचा रस मात्र आपण उभ्या उभ्या पिऊन टाकतो आणि वर नाश्ताही करतो.

पातळ साखरेचं सगळ्यांत मोठं दुखणं हेच आहे. प्यायलेल्या कॅलरी पोट खाल्लेल्या कॅलरींसारखी धरत नाही, त्यामुळे पुढच्या जेवणात आपण तेवढं कमी खात नाही. कोलाच्या 330 मिलिलिटरच्या एका कॅनमध्ये 35 ग्रॅमच्या आसपास साखर असते. चहात कोणी नऊ चमचे साखर घालताना दिसलं तर आपण त्याचा हात धरू. कॅन पिणाऱ्याचा धरत नाही.

आता विषाबद्दल. साखरेचा रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. ग्लुकोज शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी वापरते. फ्रुक्टोज बहुतेक यकृताच्या वाट्याला येतं. थोडं आलं, हळूहळू आलं, तर यकृत ते निमूटपणे सांभाळून घेतं. रोज भरपूर आणि एकदम आलं, आणि शरीराला आधीच गरजेपेक्षा जास्त खायला मिळत असेल, तर त्याची चरबी बनू लागते. काही यकृतात साठते, काही रक्तात फिरते. यकृतावर चरबी चढलेले कितीतरी लोक दारूच्या थेंबाला शिवलेले नसतात. पण साखर आणि वजन यांवरच्या प्रयोगांचा एक मोठा एकत्रित आढावा 2013 साली प्रसिद्ध झाला, त्यात दुसरीही बाजू दिसली. लोकांच्या खाण्यात साखर वरून वाढवली की वजन वाढतं, कमी केली की उतरतं. पण साखर काढून तेवढ्याच कॅलरीचं दुसरं पिष्टमय खाणं दिलं, तर वजनात फरक पडत नाही. म्हणजे वजनापुरतं बोलायचं तर साखरेत काही काळी जादू नाही. ती जास्तीचं खायला लावते, आणि गुपचूप लावते, हा तिचा दोष.

"मेंदूला साखर लागते" असं बाबा मला नेहमी सुनवायचे. मेंदूला ग्लुकोज लागतं हे खरंच आहे. ते भातातून, पोळीतून, बटाट्यातूनही मिळतं. त्यासाठी साखरेचा डबा उघडावा लागत नाही.

दातांच्या बाबतीत मात्र साखर सुटत नाही. याबद्दल जे वाचलं त्याने मी खरंच हादरले. 1940 च्या दशकात स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म नावाच्या संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांवर प्रयोग झाले. त्यांना कोणी विचारलं नाही, विचारण्याजोगं कोणी समजलंही नाही. काहींना साखर जेवणाबरोबर दिली, काहींना मधल्या वेळांत चिकट टॉफ्या दिल्या. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांचे दात फारसे बिघडले नाहीत. दिवसभर टॉफ्या चघळणाऱ्यांचे दात किडून गेले. साखर किती खाल्ली याच्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, ती किती वेळा खाल्ली आणि दाताला किती वेळ चिकटून राहिली याला महत्त्व आहे, हे जगाला तिथून कळलं. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात, त्या आम्लात दाताचं कवच झिजतं, आणि लाळेला ती झीज भरून काढायला उसंत लागते. दर तासाला तोंडात काहीतरी गोड टाकणाऱ्याच्या लाळेला ती उसंतच मिळत नाही. आज प्रत्येक डेंटिस्ट आपल्याला "मधे मधे गोड खाऊ नका" असं सांगतो. त्या सल्ल्याची किंमत कोणी आपल्या दातांनी मोजली, हे निदान माहीत तरी असावं.

लहान मुलांच्या आईबाबांसाठी आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये साखर रेशनवर होती आणि ते रेशन 1953 च्या सप्टेंबरपर्यंत चाललं. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 40 ग्रॅम मिळायची. रेशन उठलं आणि बघता बघता तो आकडा जवळपास दुप्पट झाला. म्हणजे त्याच देशात, थोड्याच काळाच्या अंतराने जन्मलेली दोन प्रकारची मुलं तयार झाली: ज्यांचा गर्भातला काळ आणि पहिली दोन वर्षं कमी साखरेत गेली ती, आणि ज्यांची भरपूर साखरेत गेली ती. ही मुलं पन्नाशी-साठीत पोचल्यावर काय झालं, याचा अभ्यास 2024 साली "सायन्स" या नियतकालिकात आला. रेशनच्या काळातल्या मुलांना पुढे टाइप 2 मधुमेह होण्याचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे 20 टक्क्यांनी कमी निघाला. ज्यांना मधुमेह झाला त्यांनाही तो सरासरी चार वर्षं उशिरा झाला. मला यातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट अशी वाटते, की ही मुलं साखरेवाचून वाढलेली नव्हती. त्यांच्या घरात साखर होती. ती मोजून मिळत होती, एवढंच.

म्हणजे प्रमाण असतं, आणि त्याचा उपयोगही होतो. पण तिथे ते सरकारने ठरवलं होतं. आपल्याकरता ते कोण ठरवतं? 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संस्थेने हार्वर्डच्या संशोधकांना 6,500 डॉलर दिले. 1967 साली त्यांचा आढावा एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. हृदयविकाराचा दोष चरबीवर आणि साखरेवरचा संशय सौम्य, असा त्याचा सूर होता. पैसे कुठून आले हे त्यात लिहिलेलं नव्हतं. तेव्हा तसं लिहिण्याचा नियमही नव्हता. या व्यवहाराची पत्रं 2016 साली उजेडात आली. ब्रिटनमध्ये जॉन युडकिन नावाचे आहारतज्ज्ञ त्याच काळात साखरेबद्दल कळकळीने सांगत होते, आणि त्यांना हसण्यावारी नेलं गेलं. त्यांचंही सगळंच बरोबर होतं असं नाही. पण ज्याचा धंदा साखरेवर चालतो तोच जेव्हा "संतुलित आहारात थोडी साखर चालते" असं म्हणतो, तेव्हा त्या "थोडी"चा आकडा मागण्याचा हक्क आपल्याला आहे. ब्रिटनने 2018 साली गोड पेयांवर कर लावला. 100 मिलिलिटरमागे 5 ग्रॅमपासून कर सुरू, 8 ग्रॅमपासून जास्त. आणि काय झालं? कर लागू व्हायच्या आतच अनेक कंपन्यांनी साखर कमी करून दाखवली. याचा अर्थ ती आधीही कमी करता आली असती.

हे सगळं लिहिताना मला भीतीचीही भीती वाटते, कारण तीन वर्षं मी तेच करत होते. "साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो" असे मेसेज फिरतात. मरत नाही. पेशींना लागणारं ग्लुकोज शरीर इतर खाण्यातून, अगदी प्रथिनांपासूनही बनवतं, आणि उपचारांच्या काळात वजन घटलेल्या माणसाचं खाणं तोडणं हा त्याच्यावर अन्याय आहे. "गोड दिलं की मुलं उड्या मारतात" हे तर मीही शंभरदा म्हटलंय. 1994 साली एक प्रयोग झाला. काही आयांना सांगितलं, की तुमच्या मुलाला आत्ता भरपूर साखर दिली आहे. प्रत्यक्षात एकाही मुलाला साखर दिली नव्हती. त्या आयांना आपली मुलं जास्त चळवळी वाटली, आणि त्या मुलांवर जास्त नजर ठेवू लागल्या, जास्त टोकू लागल्या. हे वाचल्यावर मला बाबांच्या कपाकडे बघणारी मी दिसले.

मधाबद्दल विचारणारे खूप आहेत म्हणून सांगते: मध, ब्राउन शुगर, सिरप, शरीराच्या दृष्टीने ही सगळी साखरच. चव आवडते म्हणून जरूर खा, पण मोजताना त्यातच धरा. आणि साखरेऐवजी घालतात त्या गोळ्यांची, म्हणजे बिनसाखरेची गोडी वजन कमी करायला वापरू नका असं जागतिक आरोग्य संघटनेनेच 2023 साली म्हटलंय. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी मात्र यातलं काहीही माझ्या पोस्टवरून ठरवू नये, डॉक्टरांशी बोलावं.

आमच्या घरात आता रसाची बाटली येत नाही. संत्री येतात, बाबा ती स्वतः सोलतात. दही साधं आणतो, त्यात फळाचे तुकडे टाकतो. पहिला आठवडा दोघांनाही ते आंबट लागलं, आता लागत नाही. बिस्किटं चाराची दोन झाली. चहात चमचा आहे तसाच आहे आणि मी त्याच्याकडे बघत नाही. माफी मागितली का, असं बहिणीने विचारलं. मागितली. बाबा म्हणाले, "जाऊ दे गं, त्या बाटलीवर माझाही विश्वास बसला होता."

वजनकाटा अजून ओट्यावरच आहे. काल संध्याकाळी मी आत काम करत होते, तर बाबांची हाक आली. जाऊन बघते तर डोळ्यांवर चष्मा, एका हातात टोमॅटो सॉसची बाटली, दुसऱ्या हातात भाचीने मागे ठेवलेली वही. "अगं, हे आपण लिहायचं राहिलंच होतं. एका मोठ्या चमच्यात एक छोटा चमचा साखर निघतेय. मांडू का?"