२५२०चा फॉरवर्ड: गुणाकार बरोबर, बाकी सगळं चूक

२५२० पुन्हा व्हॉट्सॲपवर फिरतेय. मजकूर साधारण असा: १ ते १० या सगळ्यांनी निःशेष भाग जाईल अशी संख्या असूच शकत नाही, असं जग समजत होतं. मग रामानुजननी २५२० शोधली, पाश्चात्त्य गणितज्ञ थक्क झाले. आणि तिचं रहस्य काय, तर भारतीय कालगणना: ७ वार × ३० दिवस × १२ महिने.

'असूच शकत नाही' असं नेमकं कोण समजत होतं? १ ते १० एकमेकांना गुणा, ३६,२८,८०० येतात. त्याला दहाही जणांनी भाग जाणारच. ५०४०, ७५६०, २५२०ची कुठलीही पट घ्या, तेच. २५२० त्यातली सर्वांत लहान, म्हणजे साधा लसावि. ८साठी तीन वेळा २, ९साठी दोन वेळा ३, मग एक ५, एक ७. ६ आणि १० त्यातच आले. ८ × ९ × ५ × ७, संपलं.

आता रामानुजन. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने आपल्या आदर्श नगरासाठी ५०४० कुटुंबं ठरवली, कारण या संख्येला १ ते १०ने सलग भाग जातो. ही रामानुजनच्या जन्माच्या सव्वादोन हजार वर्षं आधीची गोष्ट. लसाविची रीत ९व्या शतकात भारतीय गणिती महावीराचार्यांनीही दिली आहे. अभिमानच बाळगायचा होता, तर हे नाव होतं की!

आणि रामानुजनना लसाविचं श्रेय देणं म्हणजे त्यांना कमी लेखणं. १९१५च्या निबंधात त्यांनी वेगळ्याच संख्या हाताळल्या: जिचे विभाजक तिच्याहून लहान कुठल्याही संख्येपेक्षा जास्त, अशा. २५२० तिथे आहे, ४८ विभाजकांसह. पण अनेकांतली एक म्हणून. त्यांची यादी ६७,४६,३२,८३,८८,८००पर्यंत जाते. तिचे विभाजक १०,०८०! हे सगळं हाताने. मधली एकच संख्या निसटली, २,९३,३१,८६,२५,६००.

राहिलं 'रहस्य'. वार गुणिले दिवस गुणिले महिने केल्यावर जे २५२० येतात ते कसले? दिवस नाहीत, वर्षं नाहीत, कसलेच नाहीत. जुळतं का, ते मात्र बघण्यासारखं आहे. ३० × १२ = ३६०, आणि ३६०ला १ ते १०पैकी फक्त ७ने भाग जात नाही. त्या ३६०ला ७ने गुणलं की उणीव भरलीच. शिवाय सात वार ही काही फक्त आपली मिरास नव्हे. वेदांग ज्योतिष या आपल्या प्राचीन कालगणनेच्या ग्रंथात वार नाहीत, आणि शिलालेखातला वाराचा सुरुवातीचा उल्लेख मध्य प्रदेशातल्या एरणचा, इ.स. ४८४चा.

फॉरवर्डच करायचा असेल तर शेजारची २५१९ घ्या. १०ने भागा, बाकी ९. ९ने भागा, बाकी ८. ८ने ७, असं उतरत उतरत २ने भागल्यावर बाकी १. आणि ११ने भागलंत तर बाकी शून्य.